आपला माणूस, शेजाऱ्याचा कागद
(सांगलीतील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या घरात शिरलं. वाळवा तालुक्यातलं, अगदी काठावरचं गाव आमचं. माणसं हलवली, जनावरं हलवली, माळ्याखालची ट्रंक तेवढी राहिली. पाणी ओसरल्यावर ती उघडली, तर आजोबांनी फडक्यात बांधून ठेवलेलं दप्तर विटेसारखं घट्ट झालेलं. पान सोडवायला जावं तर शाई बोटाला येई. चार पिढ्यांचे कागद होते ते, आणि मोडी लिपीत आहेत म्हणून मी ते कधी वाचायला घेतले नव्हते. ती रुखरुख अजून गेलेली नाही.

त्यानंतर मी माझ्या पणजीला शोधायला निघालो. घरात तिला सगळे 'मोठी आई' म्हणायचे. तिचं खरं नाव सांगणारं कुणी उरलं नव्हतं. माहेर कुठलं, तेही ठाऊक नव्हतं. त्या शोधात जे हाती लागलं, ते तुम्हाला सांगायला आलोय.

आधी एक सरळ गोष्ट. आपला सांगली जिल्हा १ ऑगस्ट १९४९ ला झाला, तोही 'दक्षिण सातारा' या नावानं. सांगली हे नाव त्याला १९६० साली मिळालं. त्याआधी वाळवा, तासगाव, शिराळा हा मुलूख इंग्रजी अमलातल्या सातारा जिल्ह्यात होता. सांगली, मिरज, जत ही संस्थानं वेगळी. म्हणजे आज दहा कोसांवर असलेल्या दोन गावांची दप्तरं त्या काळी दोन वेगळ्या सरकारांची होती. पणजोबांचं गाव साताऱ्याच्या कलेक्टराकडे आणि पणजीचं माहेर एखाद्या संस्थानिकाकडे, असं सहज होई. नोंद नाही म्हणून परत फिरण्याआधी, त्या साली ते गाव कुणाच्या अमलात होतं हे विचारा. माझी दोन वर्षं या एका गोष्टीपायी वाया गेली.

दुसरं, सालाचं. जुन्या कागदावर इसवी सन क्वचितच असतो. फसली, म्हणजे महसुली सन असेल तर ५९० मिळवायचे. फसली १२८६ म्हणजे १८७६-७७, मोठ्या दुष्काळाचं साल. शक असेल तर ७८. आणि म्हातारी माणसं तर 'पलेगाच्या साली', 'मानमोडीत' असंच सांगतात. पलेग म्हणजे प्लेग, मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. हे शब्द कानावर आले की लगेच टिपून ठेवा, कारण ती पिढी आता फार थोडी उरली आहे.

आमचे पणजोबा पलेगातच गेले. मागे पणजी आणि पदरात लहान पोर, म्हणजे माझे आजोबा. १९०३ च्या कायद्यानं जमिनीची हक्कनोंदणी सुरू झाली. तहसिलीच्या रेकॉर्ड रूममध्ये जुने फेरफार चाळताना आजोबांचं नाव सापडलं, आणि नावापुढे तीन अक्षरं: अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, वयात न आलेल्या पोराच्या वतीनं बघणारा. त्याच्यापुढे 'आई', आणि मग तिचं नाव.

मी तिथंच बाकावर बसलो. माझ्या थोरल्या बहिणीचंच नाव होतं ते. आजोबांनी हट्टानं ठेवायला लावलेलं. आपल्याकडे नाव पुन्हा ठेवतात हे माहीत असूनही मी घरातल्या नावांकडे कधी त्या नजरेनं पाहिलं नव्हतं. आजोबांच्या जिवात जीव होता तोवर विचारलं असतं, तर एका वाक्यात उत्तर मिळालं असतं.

आणि बघा, नवरा होता तोवर या बाईचं नाव सरकारदरबारी कुठंच नाही. नवरा गेला, पोर अज्ञान राहिलं, तेव्हा ती कागदावर आली. तुमच्या घरातली बाई सापडत नसेल तर घरातला पुरुष कधी गेला ते आधी शोधा. जुन्या कागदात बाईच्या नावापुढे 'कोम' लिहून नवऱ्याचं नाव येतं आणि पुरुषाच्या नावापुढे 'बिन' लिहून बापाचं. ही दोन अक्षरं ओळखता आली की अर्धी मोडी वाचता येते, असं मला वाटतं.

माहेर मात्र तिथंही नव्हतं. आमच्या भागात पूर्वी हेळवी यायचे. नंदीवर बसून, सुगी झाल्यावर, घराघरांच्या वंशावळी म्हणत. त्यांच्या चोपडीत घराणं सापडतं. पण बहुतेक पुरुषांचीच ओळ असते. कुलदैवत बघितलं, आटपाडी तालुक्यातल्या खरसुंडीचा सिद्धनाथ. त्यावरून आमचं घराणं आटपाडीकडून उतरलं असावं एवढं कळलं. पण ते सासर झालं, माहेर नव्हे.

मग ज्यांनी मला मोडी शिकवली त्या गुरुजींनी एक वाक्य सांगितलं: "तुमचं घर शोधू नका, तुमचा बांध शोधा." शेताच्या खरेदीखतात, गहाणखतात चतुःसीमा लिहिलेली असते. पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस ओढा. आपले कागद वाहून गेले तरी बांधाला बांध लागलेल्या शेजाऱ्याच्या कागदात आपला माणूस 'पूर्वेस' म्हणून उभा असतो. अडीअडचणीला माणूस उसनवारी करतो तीही शेजाऱ्याकडे, आणि त्याचा कागद देणाऱ्याच्या घरी राहतो.

आमच्या बांधाशेजारचं घर गावठाणात उंचावर. पाणी तिथवर गेलं नव्हतं. त्यांच्या काकूंनी देव्हाऱ्याखालच्या फळीवरून एक पितळी डबा काढून दिला. आत सुपाऱ्या, जुने दागिन्यांचे हिशेब आणि एक घडी पडलेला कर्जरोखा. शके १८२२, म्हणजे १९००. गुरुजी बोट फिरवत हळूहळू वाचत होते. बियाण्यासाठी रक्कम घेतली, सुगीला फेडीन, पोर अज्ञान आहे. खाली साक्ष म्हणून एका पुरुषाचं नाव, नात्यानं 'बंधू', आणि मिरज संस्थानातल्या एका गावाचा उल्लेख. सव्वाशे वर्षं आमच्या घराला ठाऊक नसलेलं तिचं माहेर, शेजाऱ्याच्या डब्यात होतं.

साक्षीच्या वर तिची सही. लिहिता न येणारा शेतकरी कागदावर नांगर काढायचा, बाई बांगडी काढायची. तिथं लिहिलं होतं, 'निशाणी बांगडी', आणि शेजारी शाईचं एक वेडंवाकडं वर्तुळ. बोरू कधी हातात न धरलेल्या हातानं काढलेलं. सुरुवातीला शाई जास्त, म्हणून तिथं ठिपका पसरलेला. पुढे रेघ बारीक होत गेलेली, आणि टोकं नीट मिळालेली नव्हती.

काकूंनी तो कागद मला देऊ केला. मी घेतला नाही. फोटो काढला आणि डबा पुन्हा त्याच फळीवर ठेवला. पुढच्या रविवारी बहिणीला घेऊन त्या माहेरच्या गावी गेलो. पारावर बसलेल्या एका आजोबांना साक्षीदाराचं आडनाव सांगितलं, तर ते म्हणाले, "ते काय, वड्याच्या पल्याड घर. चला, दावतो."