उताऱ्यावरची सत्ता

श्रोतेहो, नमस्कार.

बेळगावात भाषेचा वाद म्हटला की पाट्या, झेंडे आणि १ नोव्हेंबर. एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसरीकडे मराठी माणसांचा काळा दिन. सगळा गाजावाजा तिथे. भाषेची खरी सत्ता मात्र गपगुमान चालते, जमिनीच्या उताऱ्यावर.

खानापूरकडचा शेतकरी घ्या. बाजारात भात विकताना तो कानडीत घासाघीस करतो, थट्टाही करतो. पण उतारा हातात पडला की अडतो. लिपी वाचता येत नाही. कर्जाचा बोजा कमी झाला का? बापाच्या पश्चात वारसांची नावं चढली का? धाकट्या भावाचं नाव राहिलं तर नाही? कचेरीबाहेरच्या टायपिंगवाल्याला विचारायचं. तो वाचून दाखवतो, पैसे घेतो आणि किती सांगायचं तेही तोच ठरवतो. नोटीस आली तर हरकतीची निम्मी मुदत वाचणारा शोधण्यातच जाते. लाठी न उगारता माणूस गप्प बसतो तो असा.

आता थोडं कडू. पेशवाई बुडाल्यावरही धारवाडकडे शाळा-कचेऱ्यांत मराठीचाच तोरा होता, कानडी पोरं मराठीतून शिकत. शिक्षण खात्यातले अधिकारी डेप्युटी चन्नबसप्पा यांनी कानडी शाळांसाठी जिवाचं रान केलं. १८९० साली धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ निघाला, त्यामागेही हीच सल होती. आपल्या सभांत हे कुणी सांगत नाही. कचेरी ज्याच्या हातात, भाषा त्याची. तेव्हा ती आपल्या हातात होती, एवढंच.

१९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. त्याच वर्षी घटनेत ३५०अ कलम आलं: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून. मोठी वस्ती असेल तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात, हेही तेव्हाच ठरलं. पुढे सीमावादावरचा १९६७चा महाजन अहवाल, १९८६चं कन्नडसक्तीविरोधी आंदोलन, २००४ साली महाराष्ट्राने सुप्रीम कोर्टात घातलेला दावा. सगळी भांडणं गाव कुणाचं यावर. नोटीस कुणाला वाचता येते, हा प्रश्न मागेच पडला.

उतारा हल्ली संगणकातून निघतो. कानडीखाली मराठी मजकूर छापायला राज्याची हद्द हलवावी लागत नाही. ही मागणी ग्रामसभेत लेखी द्या, पोच घ्या. तोवर घरातलं शाळकरी पोर कानडी वाचतं, आलेली नोटीस आधी त्याच्या हातात द्या. सगळ्यात आधी हरकतीची शेवटची तारीख वाचून घ्या.