प्रागच्या पुलावर गोंयचो सायब

[दृश्य : पहाट. धुक्यातला रिकामा पूल. दिवे अजून मालवलेले नाहीत.]

प्राग. खाली व्ल्टावा नदी. अजून दोन तासांनी या चार्ल्स पुलावर पाय ठेवायला जागा उरणार नाही, म्हणून आम्ही अंधारातच निघालो.

इथला आधीचा दगडी पूल १३४२च्या पुराने मोडला. मग चौथ्या चार्ल्स राजाने नव्याचा पाया घातला, आणि म्हणे ज्योतिषांना विचारून. साल १३५७, तारीख ९, महिना सातवा, पहाटेचे ५ वाजून ३१ मिनिटं. आकडे ओळीने मांडा : १३५७९७५३१. उलटे वाचा, तेच. आख्यायिकाच ही, पण मुहूर्त पाहून पाया घालणारा राजा मला परका वाटला नाही.

५१६ मीटर लांबी, १६ कमानी. दोन्ही कठड्यांवर मिळून ३० शिल्पं.

[दृश्य : नेपोमुकचा पुतळा. हात लागून लागून उजळलेलं कांस्य.]

गर्दी होते ती इथे. १३९३ साली चार्ल्सचा मुलगा राजा वेन्सेस्लास याच्या हुकमावरून या नेपोमुक नावाच्या धर्मगुरूला नदीत फेकलं. इथे हात लावला की पुन्हा प्रागला येणं होतं, असं म्हणतात. आम्हीही लावला.

पण मी आले होते दुसऱ्याच एकाला भेटायला.

[दृश्य : कॅमेरा पायथ्यापासून सावकाश वर.]

हा फ्रान्सिस झेवियर, ख्रिस्ती धर्मप्रचारक. आपला गोंयचो सायब. १५४२ मध्ये गोव्यात उतरला, १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारला. त्याचं शव जुन्या गोव्यात, बॉम जेझूच्या चर्चमध्ये आहे. लहानपणी आजीचं बोट धरून मी ३ डिसेंबरच्या फेस्ताला जायचे. आजी हिंदू, तरी मेणबत्ती लावल्याशिवाय परतायची नाही. याच सायबाने १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, मागितलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. मेणबत्ती आणि ते पत्र, दोन्ही मनात घेऊनच मी इथे उभी आहे.

१७११ साली हे शिल्प घडवलं फर्डिनांड ब्रोकोफने. वय तेवीस. हातात क्रूस उंच धरलेला झेवियर, आणि त्याला खांद्यांवर पेलणारी दूरदेशीची माणसं. बाप्तिस्म्यासाठी गुडघे टेकलेला तो भारतातला राजपुत्र, असं सांगतात. तेवीस वर्षांच्या त्या पोराने आपला मुलूख डोळ्यांनी पाहिला नव्हता. तरी खांद्यांवरचा ताण बघा, मानेच्या शिरा बघा. मला तर संतापेक्षा ही ओझं वाहणारी माणसंच जास्त जिवंत वाटतात.

१८९० च्या सप्टेंबरात पूर आला. वरून वाहत आलेले ओंडके कमानींत अडकले, पाणी तुंबलं आणि तीन कमानी कोसळल्या. त्यांच्याबरोबर झेवियर व्ल्टावात गेला, आणि समोरचा इग्नेशियस लोयोला, झेवियरच्या जेझुइट पंथाचा संस्थापक, तोही. कमानी पुन्हा बांधल्या. इग्नेशियसच्या जागी पुढे दुसरेच संत आले. झेवियर मात्र परतला : १९१३ मध्ये त्याची प्रतिकृती बसवली. आपण पाहतोय ती तीच.

[दृश्य : ऊन चढतंय. पुलावर पहिले फिरस्ते.]

गोव्याहून आणलेली एक मेणबत्ती माझ्या पिशवीत होती. वारा फार होता. तिसऱ्या काडीला ती पेटली; तेवढ्यापुरती कठड्याच्या आडोशाला धरली, आजीसाठी.