पाचव्या मजल्यावरची जागा

(दृश्य : बंदरात उभे असलेले जहाज, सकाळचे कोवळे ऊन.)

दुरून काळे वाटणारे हे जहाज जवळ गेल्यावर गडद निळे असल्याचे लक्षात येते, आणि त्या निळ्या अंगावर ओळीने टांगलेल्या पिवळ्याधमक जीवरक्षक होड्यांवर नजर खिळून राहते. समुद्रावरच्या रिवाजाप्रमाणे अशा होड्या नारिंगी असतात. या होड्या मात्र मिकी माउसच्या बुटांच्या रंगाच्याच हव्यात, असा हट्ट मालकांनी धरला आणि त्यासाठी अमेरिकेच्या तटरक्षक दलाकडून खास परवानगी मिळवली. 'डिस्ने मॅजिक' हे या जहाजाचे नाव. इटलीतील फिन्कान्तिएरी कंपनीने त्याचा पुढचा अर्धा भाग अँकोना येथे आणि मागचा अर्धा व्हेनिसजवळच्या मार्गेरा येथे बांधला, आणि दोन्ही भाग मार्गेराला आणून जोडले. 30 जुलै 1998 रोजी फ्लोरिडातील पोर्ट कॅनॅव्हरल येथून ते पहिल्या सफरीला निघाले.

(दृश्य : सुकी गोदी. पाणी उतरत आहे.)

पंधरा वर्षांनी, 2013 च्या सप्टेंबरमध्ये, हे जहाज स्पेनमधील काडिझ येथे नव्हान्तिया कंपनीच्या सुक्या गोदीत शिरले. सुकी गोदी म्हणजे समुद्राला लागून खणलेला, दार असलेला प्रचंड हौद. जहाज आत आले की दार बंद होते, पंप सुरू होतात आणि पाणी इतक्या संथपणे उतरते की जहाज खाली जात आहे हे काठावर उभ्या असलेल्या माणसाला कळतही नाही. तळाशी ठोकळ्यांच्या रांगा आधीच मांडून ठेवलेल्या असतात, आणि प्रत्येक ठोकळ्याची जागा जहाजाच्या नकाशावरून ठरवलेली असते, कारण हजारो टनांचा भार जेथे जहाजाचा सांगाडा भक्कम आहे तेथेच टेकला पाहिजे. जहाज एकदा त्या ठोकळ्यांवर बसले की ते एखाद्या इमारतीसारखे निश्चल होते, आणि मग एरवी पाण्याखाली असणाऱ्या तळावर माणसे शिड्या लावून चढतात, शेवाळ आणि शंखशिंपले खरवडून काढतात, रंगाचे नवे थर देतात. त्याच वेळी जहाजाच्या मागच्या टोकाला पोलादाचा नवा भाग जोडण्यात आला. त्याचा आकार बदकाच्या शेपटीसारखा असतो आणि गोदीतले लोकही त्याला त्याच नावाने ओळखतात. अशा शेपटीमुळे जहाज पाण्यात अधिक स्थिर राहते आणि इंधनही वाचते.

प्रवाशांना यातले काहीच दिसत नाही. त्यांना दिसतो तो आतला बदल, म्हणून आपणही आत जाऊ.

(दृश्य : तीन मजली दिवाणखाना, वर झुंबर, खाली मिकीचा पुतळा.)

तिसऱ्या डेकपासून पाचव्या डेकपर्यंत मोकळा असलेला हा दिवाणखाना म्हणजे जहाजाचे अंगण आहे. सुकाणूचे चाक धरून उभा असलेला मिकीचा कांस्य पुतळा पहिल्या दिवसापासून येथेच आहे. नूतनीकरणात त्याच्याभोवतीचा गालिचा, भिंतींचे रंग आणि वरचे झुंबर बदलले. 1930 च्या सुमाराच्या मोठ्या प्रवासी जहाजांवरील आर्ट डेको शैली मात्र जपली गेली, आणि हे शहाणपणाचे झाले असे म्हणावे लागेल. मुंबईत मरीन ड्राइव्हच्या इमारतींच्या गोलाव्यांत ही शैली आपण रोज पाहतो, त्यामुळे येथले वळणदार कठडे आपल्याला अनोळखी वाटत नाहीत.

जिना चढून पाचव्या डेकवर आले की या जहाजाची खरी ओळख होते. बहुतेक प्रवासी जहाजांवर मधल्या मजल्यांतली मोक्याची जागा कॅसिनोला दिलेली असते. किनारा मागे पडला, देशाची हद्द ओलांडली की त्याचे दिवे लागतात आणि कंपनीची कमाई सुरू होते. 'डिस्ने मॅजिक'वर कॅसिनोच नाही. येथे पाचव्या डेकचा मोठा भाग लहान मुलांच्या दोन दालनांसाठी राखून ठेवलेला आहे, आणि 2013 मध्ये सगळ्यात जास्त विचार खर्च झाला तो याच दालनांवर. ज्यांच्या सोसायटीच्या आवारात 'येथे मुलांनी खेळू नये' अशी पाटी लावलेली असते, त्यांना या वाटपाचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

(दृश्य : दाराशी हात धुणारी मुलगी, जवळून.)

आत पाऊल टाकण्यापूर्वी हात धुवावे लागतात. त्यासाठी भिंतीजवळ एक यंत्र आहे आणि त्याला दोन गोल भोके आहेत. मुलगी दोन्ही हात आत घालते, आतून पाण्याच्या बारीक धारा हातांभोवती फिरू लागतात आणि तिला गुदगुल्या होतात. यंत्र थांबते. ती हात बाहेर काढते, क्षणभर आपल्या तळव्यांकडे पाहते आणि ते पुन्हा आत घालते.

पहिले दालन म्हणजे 'ओशनियर क्लब'. नूतनीकरणात त्याचे चार भाग करण्यात आले, आणि प्रत्येक भाग एकेका गोष्टीत शिरल्यासारखा सजवण्यात आला. 'अँडीज रूम' ही 'टॉय स्टोरी' चित्रपटातल्या खेळण्यांच्या दुनियेतली खोली आहे. येथे खेळणी माणसांपेक्षा मोठी आहेत, कुत्र्याच्या स्प्रिंगदार अंगाची घसरगुंडी झाली आहे, आणि बटाटेराव या बटाट्याच्या आकाराच्या बाहुल्याचे नाक, कान, मिशी काढून हव्या त्या जागी बसवता येतात. दुसऱ्या भागात पऱ्यांचे रान आहे, तिसऱ्यात मोठ्या पडद्यासमोर बैठक आहे. चौथा भाग मार्व्हलच्या वीरांचा. आयर्न मॅनचे चिलखत येथे काचेआड उभे आहे, आणि प्रवासी जहाजावर मार्व्हलच्या नावाने सजवलेली ही पहिलीच जागा होती. 'ओशनियर लॅब' हे दुसरे दालन चाचेगिरीच्या काळातल्या कर्मशाळेसारखे मांडलेले आहे. तेथे जुने नकाशे आहेत, लाकडी मेजे आहेत, आणि एका खोलीत पडद्यासमोर बसून जहाज चालवण्याचे खेळही खेळता येतात. आमच्या कॅमेऱ्यासमोर एका मुलाने तीन वेळा जहाज धक्क्यावर आदळले आणि चौथ्या वेळी कॅमेरा बंद करायला सांगितले.

सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी वेगळे पाळणाघर आहे. 2013 पूर्वी येथे समुद्रतळाचा देखावा होता. आता भिंतींवर चित्रकार मेरी ब्लेअर यांच्या शैलीतील चौकोनी घरे, गोल सूर्य आणि जगभरच्या पोशाखातली मुले आहेत. 1964 च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनातील ज्या बोटसफरीची रंगयोजना ब्लेअर यांनी केली होती, तिच्यावरून हे पाळणाघर बेतले आहे.

(दृश्य : नववा डेक. पाणी, ऊन, गोंगाट.)

उघड्या डेकवर पूर्वी एक घसरगुंडी होती, आणि पांढरा हातमोजा घातलेला मिकीचा प्रचंड हात ती उचलून धरत असे. या जहाजाच्या जुन्या छायाचित्रांत तो हात हमखास सापडतो. 2013 मध्ये तो काढला गेला, आणि त्याबद्दल हळहळणारे जुने प्रवासी अजूनही भेटतात. त्या जागी कारंजी, गळके नळ आणि अचानक उपडे होणारे पाण्याचे डबे असलेली 'अ‍ॅक्वालॅब' आली. अगदी लहानांसाठी पारदर्शक भिंतींचा एक कोपरा आहे. त्याला डोनाल्ड डकच्या तीन भाच्यांचे नाव दिले आहे.

मोठ्या मुलांची रांग लागते ती 'अ‍ॅक्वाडंक'पुढे. 48 इंच उंची भरली नाही तर परत फिरावे लागते. वर एका उभ्या नळकांड्यात हात छातीशी घेऊन ताठ उभे राहायचे, पायाखालची फळी निसटते आणि माणूस सरळ खाली जातो. 212 फूट लांबीची ही पारदर्शक नळी जहाजाच्या कडेपासून 20 फूट बाहेर वळसा घेऊन परत येते, त्यामुळे तेवढा क्षण आपल्याखाली डेक नसतो, समुद्र असतो. (येथे निवेदन नाही. फळी निसटण्याचा आवाज राहू द्यावा.)

जहाजाला दोन धुराडी दिसतात. पुढचे केवळ शोभेसाठी आहे आणि त्याच्या पोटात चौदा ते सतरा वर्षांच्या मुलांचा अड्डा आहे, जेथे आईवडिलांना प्रवेश नाही.

(दृश्य : भोजनगृह. भिंती काळ्या-पांढऱ्या.)

'अ‍ॅनिमेटर्स पॅलेट' या भोजनगृहात जेवायला बसताना सगळे काळे-पांढरे असते; एकेक पदार्थ येतो तसे भिंतींवर रंग चढत जातात आणि शेवटी वाढप्यांची जाकिटेही रंगीत होतात. तिसऱ्या डेकवर असलेले कॅरिबियन धाटणीचे जुने भोजनगृह 2013 मध्ये ब्राझिली वळणाचे झाले. पाच वर्षांतच, 2018 मध्ये, ते पुन्हा बदलून राजकन्या रॅपन्झेलच्या नावाने सजवण्यात आले. प्रौढांसाठीच्या मद्यगृहांचा भागही त्याच डेकवर नव्याने सजला आहे, पण तो कोणत्याही चांगल्या हॉटेलात दिसावा तसाच आहे. प्रवासी कुटुंब रोज वेगळ्या भोजनगृहात जेवते आणि त्याचे ठरलेले वाढपी त्याच्याबरोबर फिरतात. सफर संपेपर्यंत मुलांच्या आवडीनिवडी त्यांना तोंडपाठ होतात. अशा जहाजांवर नोकरी करणाऱ्यांत गोव्याचे तारवटी, म्हणजे खलाशीही पुष्कळ असतात, आणि त्यांची स्वतःची मुले अनेक महिने घरीच असतात.

(दृश्य : पाचवा डेक, रात्र.)

मुलांचे दालन मध्यरात्री बंद होते. दिवे मंद झाले आहेत, बटाटेरावांचा एक कान जमिनीवर पडला आहे. दारात एक बाबा संकेतशब्द सांगतात, काम करणारी तरुणी मुलीच्या मनगटावरचा पट्टा काढून घेते. मुलगी खांद्यावर झोपलेली आहे आणि तिच्या एका पायात चप्पल नाही. (ते जिन्यापर्यंत जाईपर्यंत दृश्य तोडू नये.)