हातची सत्ता जिल्ह्याला देणारे यशवंतराव

नमस्कार श्रोतेहो.

शाळेची खोली, गावचा रस्ता, दवाखाना अशा कामांसाठी आपल्यापैकी अनेकांनी कोल्हापुरात नागाळा पार्कातल्या जिल्हा परिषदेत हेलपाटे घातले असतील. आज बोलायचं आहे ते ही जिल्हा परिषद ज्यांच्या कारकिर्दीत उभी राहिली, त्या यशवंतराव चव्हाणांबद्दल. त्यांच्या दिल्लीतल्या पदांचं कौतुक फार होतं. मला मात्र त्यांचं सर्वांत मोठं काम त्याआधीचं वाटतं. 1 मे 1962 रोजी महाराष्ट्रात पंचायत राज अमलात आलं, ते काम.

देवराष्ट्र्याचा हा मुलगा कराडला शिकला, स्वातंत्र्यचळवळीत तुरुंगात गेला आणि मग आपल्या राजाराम कॉलेजात आला. 1938 मध्ये बी.ए. झाला. 1942 च्या आंदोलनात यशवंतराव सातारा जिल्ह्यात भूमिगत होते. त्याच जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं गावोगावचे तंटे गावातच मिटवून दाखवले. गावाला कारभार झेपतो का, ही शंका त्या मातीतल्या माणसाला पडणं कठीणच.

कोल्हापूरनं त्यांना नेहमी डोक्यावर घेतलं असं मात्र नाही. ते द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले, तेव्हा इथे संयुक्त महाराष्ट्राचं वारं होतं, भाई माधवराव बागलांसारखी माणसं मैदानात होती. 1957 च्या निवडणुकीत खुद्द कराडमध्येही यशवंतराव थोडक्यात वाचले. लोकांचा राग त्यांनी जवळून पाहिला होता आणि तरीही लोकांच्या हाती कारभार द्यायला ते कचरले नाहीत.

1960 मध्ये त्यांच्या सरकारनं महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्याआधी देशपातळीवरच्या बलवंतराय मेहता समितीचा भर तालुक्याच्या पातळीवर, म्हणजे पंचायत समितीवर होता. नाईक समितीनं वेगळा विचार केला. नियोजन करायचं, इंजिनिअर, डॉक्टर, शेतीतज्ज्ञ पदरी बाळगायचे, तर जिल्ह्याएवढा आवाका हवा. म्हणून महाराष्ट्रात खरं बळ जिल्हा परिषदेला मिळालं. प्राथमिक शाळा, आरोग्य, शेती, पशुसंवर्धन, रस्ते अशी कितीतरी कामं तिच्याकडे आली. कलेक्टर परिषदेच्या बाहेर राहिले, परिषदेला स्वतःचा मुख्य कार्यकारी अधिकारी मिळाला आणि आमदार-खासदारांना पदसिद्ध सदस्यत्व मिळालं नाही.

श्रोतेहो, या शेवटच्या गोष्टीपाशी जरा थांबायला हवं. आमदारांनीच विधानसभेत कायदा केला आणि त्या कायद्यानं आमदारांनाच जिल्हा परिषदेच्या दाराबाहेर ठेवलं. आपल्याच पक्षाच्या लोकांना हे पटवणं किती अवघड गेलं असेल! माझ्या मते यशवंतरावांची खरी ताकद इथे दिसते. त्या दारातून पुढे नवी माणसं आली. आपल्या शेजारच्या तासगाव तालुक्यातले आर. आर. पाटील आधी सांगली जिल्हा परिषदेचे सदस्य होते, आमदार नंतर झाले. ग्रामविकास मंत्री म्हणून त्यांनी ग्रामस्वच्छता अभियान गावागावात नेलं.

दिलेलं बळ पुढे हळूहळू काढून घेतलं गेलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. 73 वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली, तिनं पंचायत राज संस्थांकडे सोपवायच्या 29 विषयांची यादी दिली, दर पाच वर्षांनी निवडणुकीचं बंधन घातलं. पण आज जिल्हा नियोजन समितीच्या अध्यक्षपदी पालकमंत्री बसतात. शिक्षक जिल्हा परिषदेचा, त्याची निवड मात्र राज्याच्या पोर्टलवरून. आणि 2022 मध्ये आपल्या जिल्हा परिषदेची मुदत संपली, त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासक होते. अधिकारी कितीही कामसू असो, मत मागायला तो आपल्या दारात येत नाही. हे मला फार गंभीर वाटतं.

त्याच 2022 च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं एक ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा गावात बंद. हे त्यांना मुंबईहून कुणी सांगितलं नव्हतं. काही दिवसांतच राज्य सरकारनं परिपत्रक काढलं आणि महाराष्ट्रातल्या इतर ग्रामपंचायतींनी हेरवाडचा कित्ता गिरवावा, असं सांगितलं.

नमस्कार.