इम्पोर्ट कशासाठी थांबलाय?

(नागपुरात आयटीवाल्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, फलकावर माझा विषय ‘डेटा इम्पोर्टचा वेग वाढवण्याच्या पायऱ्या’ असा लिहिलाय. इम्पोर्ट म्हणजे फाईलमधला डेटा डेटाबेसमध्ये भरणं. पायऱ्या देणार आहे, घाबरू नका. पण आधी एक तक्रार नोंदवतो. इम्पोर्ट टूलमधल्या त्या निळ्या पट्टीबद्दल.

‘४३ टक्के पूर्ण.’ कशाचे ४३ टक्के? बऱ्याच टूलमध्ये तो आकडा फाईलचे किती बाइट वाचून झाले त्याचा असतो. डेटाबेसने त्यातलं किती पचवलं याचा पट्टीला पत्ताच नसतो. म्हणून ती ९९ वर जाऊन अर्धा तास बसते. फाईल केव्हाच संपलेली असते, मागे इंडेक्स (ओळ पटकन सापडावी म्हणून केलेली सूची) बांधणं नाहीतर शेवटचा कमिट (भरलेलं कायमचं पक्कं करणं) चाललेला असतो. आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी ‘काहून अटकलं बे हे?’ म्हणत कॅन्सल दाबतं. झालं, रोलबॅक सुरू, म्हणजे भरलेलं सगळं परत काढणं. मायएसक्यूएल डेटाबेसच्या इनोडीबीत (त्याच्या साठवणीच्या इंजिनात) मोठा रोलबॅक मूळ इम्पोर्टपेक्षाही जास्त वेळ खाऊ शकतो. सर्व्हर बंद करून चालू केला तरी सुटका नाही, तो उरलेलं काम तिथून पुढे करत राहतो.

पट्टीने वैतागलेल्या माणसाचा पुढचा उपाय ठरलेला: रॅम वाढवा. सोळाची बत्तीस करा. (हसू नका, यातल्या अर्ध्या लोकांच्या खरेदीच्या फायली साहेबांच्या टेबलावर असतील.) माझं म्हणणं एवढंच आहे, की सावकाश चाललेला इम्पोर्ट बहुतेक वेळ काम करतच नसतो, कशाची तरी वाट बघत असतो. ती वाट कशाची, हे कळल्याशिवाय खरेदी करू नका.

जरा हिशोब मांडू. समजा, कळमन्याच्या बाजारातल्या पावत्यांची दहा लाख ओळींची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाईल) आहे. टूल एकेक ओळ इन्सर्ट करतंय आणि ऑटोकमिट, म्हणजे प्रत्येक ओळीला आपोआप कमिट, चालू आहे. म्हणजे प्रत्येक पोत्यामागे मुनीमजी वही मिटतात, तिजोरीत ठेवतात, कुलूप लावतात आणि पुढच्या पोत्याला पुन्हा उघडतात. हे कुलूप म्हणजे लॉग, म्हणजे बदलांची नोंदवही, डिस्कवर पक्का लिहिणं. ७२०० आरपीएमची साधी हार्ड डिस्क सेकंदाला १२० फेरे मारते. कॅशची मदत नसेल तर एका फेऱ्यात एक कमिट, फार तर. दहा लाख भागिले १२०, म्हणजे ८,३३३ सेकंद. सव्वादोन तास गेले. प्रोसेसर या काळात चार-पाच टक्क्यांवर पेंगत असतो, रॅम रिकामी पडलेली असते. एसएसडी लावली की हा आकडा पुष्कळ खाली येतो, पण सगळ्या एसएसडी सारख्या नसतात. वीज गेली तरी डेटा राखणारे कपॅसिटर असलेली सर्व्हरची एसएसडी आणि लॅपटॉपची स्वस्त एसएसडी यांच्या कमिटच्या वेगात मोठा फरक पडतो.

आता डेटाबेस मुंबईच्या क्लाऊडवर आहे आणि टूल इथे नागपुरात तुमच्या लॅपटॉपवर. इथे मला ग्रेस हॉपर यांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकन नौदलातल्या अधिकारी, कंपायलरच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक. व्याख्यानात त्या श्रोत्यांना तारेचे तुकडे वाटायच्या, प्रत्येकी सुमारे ११.८ इंचांचे. प्रकाश एका नॅनोसेकंदात जास्तीत जास्त एवढंच अंतर कापतो. मायक्रोसेकंदासाठी त्या ९८४ फुटांचं भेंडोळं दाखवायच्या. मिलिसेकंदाची तार आणली असती तर ती झिरो माइलपासून सोडून अकोल्याच्याही पुढे गेली असती! आणि फायबरमध्ये प्रकाश याहूनही मंद, सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर. मुंबई सरळ रेषेत ७०० किलोमीटरच्या आसपास. जाऊन-येऊन सात मिलिसेकंद तर निसर्गच घेतो. वर केबलची वळणं, राउटर, फायरवॉल, व्हीपीएन. वीस मिलिसेकंद धरा. दहा लाख फेऱ्या गुणिले वीस मिलिसेकंद, वीस हजार सेकंद, साडेपाच तास. तुमची लाइन १०० एमबीपीएसची असो की एक जीबीपीएसची, या साडेपाच तासांत फारसा फरक पडत नाही, कारण लाइन भरलेलीच नसते. हजार-हजार ओळींचे गठ्ठे केले तर फेऱ्या उरतात एक हजार, त्यांची वाट पाहणं वीस सेकंदांचं. ओळी पाठवायला लागेल तो वेळ वेगळा, पण तो मिनिटांत मोजायचा.

मायएसक्यूएल आणि जावा वापरणाऱ्यांना एक टोचणी. कोडमध्ये ॲडबॅच (ओळ गठ्ठ्यात टाकण्याची आज्ञा) लिहिलं म्हणजे गठ्ठा झाला असं समजू नका. कनेक्शनच्या पत्त्यात ‘रीराइट बॅच्ड स्टेटमेंट्स’ ट्रू केलं नाही, तर साधारणपणे ड्रायव्हर (जावाला डेटाबेसशी जोडणारा) आतून एकेक ओळच पाठवतो.

आता थांबण्याचं कारण बघायचं कुठे? पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये दुसरी विंडो उघडा आणि पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी या यादीमधून इम्पोर्टच्या सेशनचा वेट इव्हेंट, म्हणजे ते कशासाठी थांबलंय ते, वाचा. एकदा वाचून कळणार नाही. दर दोन सेकंदांनी, वीस-तीस वेळा वाचा आणि काय सारखं सारखं दिसतं ते पाहा. क्लायंट रीड दिसतंय? डेटाबेस मोकळा आहे, तुमच्या टूलची किंवा नेटवर्कची वाट बघतोय. वॉल सिंक (लॉग डिस्कवर पक्का होण्याची वाट)? कमिट फार होताहेत. डेटाफाईल रीड? इंडेक्सची पानं मेमरीत मावत नाहीत, डिस्कवरून आणावी लागताहेत. लॉक? मग कोणीतरी व्यवहार उघडा ठेवून पोहे खायला गेलंय, त्याला शोधा. आणि रकाना रिकामाच दिसला तर प्रोसेसर खरंच राबतोय. तेव्हा ट्रिगर, म्हणजे ओळीमागे आपोआप चालणारा कोड, तपासा.

एक लक्षण वेगळं ओळखा. सुरुवातीचे दोन लाख झपाट्याने जातात आणि पुढे वेग घसरत जातो. दोन नेहमीचे संशयित. पहिला, टूल प्रत्येक ओळीआधी ‘ही पावती आधीच आहे का’ असं विचारतं आणि त्या रकान्यावर इंडेक्स नाही. मग प्रत्येक नवी ओळ आधीच्या सगळ्या ओळी चाळते. दहा लाखांसाठी एकूण तुलना होतात पन्नास हजार कोटी. दुसरा, प्रायमरी की (ओळीची ओळख) म्हणून यादृच्छिक यूयूआयडी, म्हणजे क्रम नसलेला लांबलचक ओळखक्रमांक. प्रत्येक नवी की इंडेक्सच्या भलत्याच पानावर पडते. इंडेक्स मेमरीत मावतो तोवर मजा, मग डिस्क. इनोडीबीचा बफर पूल (पानं ठेवायची मेमरी) न बदलता ठेवला तर १२८ एमबीच असतो. इथे मात्र रॅम वाढवा, माझी हरकत नाही.

आणि हे खास आपल्यासाठी, मराठी डेटा भरणाऱ्यांसाठी. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजायचे. ‘नागपूर’ सहा चिन्हं, १८ बाइट. ‘चंद्रपूर’ आठ चिन्हं, २४ बाइट. ऑरॅकल डेटाबेसमध्ये रकान्याला व्हारचार-टू २० (वीसपर्यंत लांबीचा मजकूर) लिहिलं आणि लांबी बाइटमध्ये मोजण्याची मूळ पद्धत तशीच राहिली, की नागपूर मावतं आणि चंद्रपूर बाहेर! (विदर्भातल्या विदर्भात अन्याय तो हा.) याचा वेगाशी काय संबंध? काही टूल गठ्ठ्यातली एक ओळ नापास झाली की तो अख्खा गठ्ठा परत घेऊन एकेक ओळ करून भरतात. प्रत्येक गठ्ठ्यात एखादा चंद्रपूरकर असला, की तुम्ही परत एकेक ओळीवर. म्हणून नापास ओळींची फाईल आधी उघडा.

चिठ्ठी आली. आठ मिनिटं. पायऱ्या राहिल्याच, पटपट सांगतो.

पहिलं, तीन वेळा मोजा. फाईल नुसती वाचून फेकून द्यायला किती लागतं. तीच फाईल इंडेक्स, ट्रिगर, फॉरेन की (दुसऱ्या टेबलाशी जुळणीची अट) काहीच नसलेल्या रिकाम्या टेबलात भरायला किती. आणि तेच काम सर्व्हरच्याच मशीनवरून केलं तर किती. पहिल्यातच वेळ गेला तर दोष फाईल वाचण्याचा, एक्सेलचा किंवा अँटिव्हायरसचा. दुसऱ्यात एकदम सुधारणा झाली तर इंडेक्स, ट्रिगर किंवा फॉरेन कीचा. तिसऱ्यात झाली तर नेटवर्कचा.

दुसरं, घाऊक दार वापरा. पोस्टग्रेसमध्ये कॉपी, मायएसक्यूएलमध्ये लोड डेटा इनफाईल, एसक्यूएल सर्व्हरमध्ये बीसीपी किंवा बल्क इन्सर्ट, ऑरॅकलमध्ये एसक्यूएल लोडर डायरेक्ट पाथने. आधी साध्या मधल्या टेबलात, सगळे रकाने टेक्स्ट. तारखा आणि आकडे तिथेच तपासा, मग एका इन्सर्ट-सिलेक्टने मूळ टेबलात. इन्सर्टच वापरायचं असेल तर मर्यादा लक्षात ठेवा: एसक्यूएल सर्व्हर एका व्हॅल्यूज यादीत हजार ओळी आणि एका विनंतीत २,१०० पॅरामीटर (भरायच्या किमती) घेतो, पोस्टग्रेस ६५,५३५ पॅरामीटर.

तिसरं, टेबल रिकामं असेल तर इंडेक्स आणि फॉरेन की नंतर बांधा. पोस्टग्रेसमध्ये मेंटेनन्स वर्क मेम (इंडेक्स बांधायची मेमरी) ६४ एमबीवरून त्या सेशनपुरतं एक जीबी करा. टेबलात आधीच पाच कोटी ओळी असतील आणि पन्नास हजारच भरायच्या असतील तर इंडेक्सला हात लावू नका, बांधायलाच जास्त वेळ जाईल. मायएसक्यूएलमध्ये फॉरेन की चेक शून्य केलात तर परत एक केल्यावर मधल्या ओळी तपासल्या जात नाहीत, ते तुम्हीच तपासायचं.

चौथं, पोस्टग्रेसच्या संदेशांच्या फाईलमध्ये चेकपॉइंट (मेमरीतले बदल डिस्कवर उतरवणं) फार वारंवार होत असल्याचा इशारा दिसला तर मॅक्स वॉल साइज (बदलांच्या लॉगची मर्यादा) मूळच्या एक जीबीवरून वाढवा. सिंक्रोनस कमिट (प्रत्येक कमिटला डिस्कची वाट बघणं) बंद केलं तर क्रॅशमध्ये शेवटचे काही कमिट जातील, बाकी डेटा शाबूत राहील, इम्पोर्टपुरतं चालतं. एफसिंक (डिस्कवर पक्कं लिहून घेणं) मात्र बंद करू नका. आणि मायएसक्यूएल ८.०.२१ पासून रीडू लॉग (क्रॅशनंतर सावरायची नोंदवही) बंद करता येतो, ते फक्त नव्या रिकाम्या सर्व्हरवर करायचं.

शेवटचं, इम्पोर्ट संपल्यावर ॲनालाइझ चालवा. त्याने टेबलाची आकडेवारी ताजी होते. नाहीतर प्लॅनरला (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्याला) टेबल अजून रिकामंच वाटतं आणि सकाळचा रिपोर्ट रखडतो.

संयोजक उभेच राहिलेत. प्रश्न घेऊन याल तेव्हा फाईलच्या पहिल्या वीस ओळी, टेबलाची रचना आणि वेट इव्हेंटच्या नोंदी सोबत आणा. निळ्या पट्टीचा फोटो चालणार नाही.