पीसी की प्लेस्टेशन? हर्णैच्या खाऱ्या वाऱ्यातला हिशेब

(दृश्य: ओटीवर अंथरलेला जुना पेपर. त्यावर उघडलेला कॅबिनेट. हातात पांढरं खोडरबर.)

ही कॉम्प्युटरच्या मेमरीची, म्हणजे रॅमची पट्टी. हिच्या खालच्या कडेला सोनेरी दाते दिसतायत ना, ते मी आता खोडरबराने घासणार आहे. हलक्या हाताने, एकाच दिशेने. झालं. आता खोडरबराकडे बघा, काळपट रेघ उठलीय.

आमच्या घरापासून दापोली तालुक्यातलं हर्णै बंदर चालत सात मिनिटं. संध्याकाळी मासळीचा लिलाव सुरू झाला की आवाज इथपर्यंत येतो, आणि वारा तर चोवीस तास येतो. खारा वारा. पावसाळ्यात त्यात ओल मिसळते, आणि एखाद्या सकाळी कॉम्प्युटर सुरूच होत नाही. पंखा फिरतो, स्क्रीन काळी. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी घाबरून तो दुरुस्तीला नेला. मदरबोर्ड गेला म्हणून सांगितलं, साडेचार हजार घेतले. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच झालं, तेव्हा एका मित्राने फोनवरून हे खोडरबर शिकवलं. पाच रुपयांचं काम होतं.

शिमग्याला, गणपतीला चाकरमानी पोरं गावी येतात, गावातलीही जमतात, आणि मला एकच प्रश्न असतो. "दादा, पीसी घेऊ की प्लेस्टेशन?" त्यांनी मोबाइलवर सगळे व्हिडिओ बघितलेले असतात. पण त्यातला हिशेब एसीच्या खोलीतला असतो. इथला हिशेब मला इथल्या हवेत, इथल्या विजेवर मांडायचाय.

आधी पैसे.

प्लेस्टेशन ५, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा सोनीचा कन्सोल, भारतात २ फेब्रुवारी २०२१ला आला. डिस्कवाला ४९,९९० रुपयांना. पुढे भाव चढला, आणि २०२४ मध्ये त्याचं बारीक मॉडेल इथे आलं ते ५४,९९०ला. तेवढ्याच ताकदीचा पीसी नवीन जोडायला गेलात, तर मॉनिटर, कीबोर्ड, यूपीएस धरून पाऊण लाखाच्या पुढे जाल. म्हणजे कन्सोल स्वस्त. तो का स्वस्त असतो, हे मात्र समजून घ्या. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स कन्सोलचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी उघड सांगितलं होतं की प्रत्येक यंत्रामागे कंपनी शंभर ते दोनशे डॉलर स्वतःच्या खिशातून घालते. प्लेस्टेशन ५ची डिस्कवाली आवृत्तीही सुरुवातीचे काही महिने तोट्यातच विकली जात होती. हा पैसा नंतर गेममधून वसूल होतो.

आता गेमचा भाव बघा. प्लेस्टेशन ५चा मोठा नवा गेम ४,९९९ रुपये. वर्षाला तीन घेतले तर चार वर्षांत बारा गेम, ५९,९८८ रुपये. यंत्रापेक्षा गेम महाग पडले. ऑनलाइन मित्रांशी खेळायचं, तर बहुतेक विकतच्या गेमना वर्गणी लागते, ती वेगळी.

पीसीवर ऑनलाइन खेळायला अशी वर्गणी नाही. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात २०१५ पासून भाव रुपयांत दिसतात. उन्हाळी आणि हिवाळी सेलमध्ये दोन-तीन वर्षं जुने मोठे गेम निम्म्याच्या खाली येतात. एपिकच्या दुकानात तर २०१८च्या डिसेंबरपासून गेम फुकट वाटतायत. माझ्याकडे असे इतके गेम साठलेत की निम्मे अजून उघडलेले नाहीत. त्या बदल्यात धीर धरावा लागतो. जीटीए ५ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ला आला, पीसीवर एप्रिल २०१५ला. दीड वर्षाहून जास्त काळ पीसीवाले नुसते बघत होते.

(दृश्य: माजघर. भिंतीवर टीव्ही. संध्याकाळचे साडेसात.)

आणि एक खर्च बिलावर कधीच दिसत नाही. टीव्ही.

कन्सोलला टीव्ही लागतो आणि आमच्याकडे घरात टीव्ही एकच. सातपासून साडेनऊपर्यंत तो आईचा आणि आजीचा, त्यानंतर बाबांच्या बातम्या. माझ्या मावसभावाने प्लेस्टेशन घेतला तेव्हा पहिले पंधरा दिवस सगळं घर कौतुकाने बघत होतं. मग कुरबुर सुरू झाली. शेवटी त्याने वेगळा छोटा टीव्ही घेतला, आणि 'पीसीपेक्षा स्वस्त' हे गणित तिथेच मोडलं. पीसी कोपऱ्यातल्या टेबलावर असतो, त्याची कुणाला अडचण नाही.

शिवाय त्या कोपऱ्यातल्या पीसीवर दिवसभर काय काय चालतं ते मी सांगतो. बहिणीचा सीईटीचा फॉर्म. बाबांचा सातबारा. एप्रिलमध्ये आंब्याच्या पेट्यांचा हिशेब, कुणाची किती डझनाची पेटी, कुणाचे पैसे आले, कुणाचे राहिले. काकांच्या घरगुती खानावळीचे फोटो नीट करून टाकणं. हा व्हिडिओसुद्धा त्याच यंत्रावर कापलाय. मी एका ऑफिसमधून निघालेला जुना टॉवर, म्हणजे उभा कॅबिनेट, घेतला आणि त्यात वापरलेलं जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड बसवलं. हे कार्ड २०१९चं, चार जीबीचं, फक्त ७५ वॉटवर चालतं. माझ्या मॉडेलला वेगळी वायर लागत नाही, त्यामुळे ऑफिसच्या साध्या पॉवर सप्लायवरही ते उभं राहतं. मॉनिटर, यूपीएस धरून सव्वीस हजार झाले. नवे भारी गेम त्यावर नीट चालत नाहीत, हे खरं आहे. पण २०१८पर्यंतचं बरंच काही चालतं, आणि ते खेळून संपायला मला अजून काही वर्षं लागतील.

आता वीज. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण याबद्दल कुणी बोलत नाही.

प्लेस्टेशन ५ मोठ्या गेममध्ये साधारण २०० वॉट ओढतो. रोज तीन तास धरले तर महिन्याला १८ युनिट, टीव्हीचे वेगळे. तगडा गेमिंग पीसी ४०० वॉट धरला तर ३६ युनिट. घरातला पंप, फ्रिज चालून बिल आधीच शंभर युनिटच्या आसपास असतं, आणि शंभराच्या पुढचं प्रत्येक युनिट चढ्या दराचं.

पण बिलापेक्षा मला काळजी अर्थिंगची वाटते.

(दृश्य: घरामागे अर्थिंगचा खड्डा. बादलीने पाणी ओतणारा हात.)

आमची जमीन जांभ्याची. पावसाळ्यात पाण्याने भरलेली आणि एप्रिल-मेमध्ये ठणठणीत कोरडी. कोरड्या जांभ्यात अर्थिंग नीट लागत नाही. पीसीला तीन पिनांची वायर असते, त्याचा कॅबिनेट लोखंडी. अर्थिंग नसलं की त्या लोखंडाला हात लावल्यावर मुंग्या येतात. उन्हाळ्यात अनवाणी बसलेल्या माझ्या धाकट्या भावाला असाच झटका बसला होता. तेव्हापासून एप्रिल लागला की या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी. प्लेस्टेशनला, एक्सबॉक्सला अर्थिंगची तारच नसते. यंत्राकडच्या टोकाला इंग्रजी आठच्या आकड्यासारखं दोन पिनांचं तोंड. जुन्या वायरिंगच्या घरात या एका बाबतीत कन्सोल जास्त बिनधास्त, हे मला मान्य केलंच पाहिजे.

मात्र गेम चालू असताना लाइट गेली की कन्सोल पुढच्या वेळी स्टोरेज तपासत बसतो, आणि इथे लाइट जातेच. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा दापोली-मंडणगड भागातली कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तेव्हा गेमचं कुणाला सुचत नव्हतं. पण वर्षातले बाकीचे दिवस बघितले, तरी यूपीएस दोघांनाही हवाच.

झाड पडून इंटरनेटची केबल तुटते त्याचंही गणित आहे. १०० जीबीचा गेम ४० एमबीपीएसच्या लाइनवर उतरवायला साडेपाच तास लागतात, तेही लाइन मध्ये तुटली नाही तर. इथे डिस्क कामाला येते. म्हणून कन्सोल घेणार असाल तर डिस्कवालाच घ्या, बिनडिस्कचा घेऊन दहा हजार वाचवायला जाऊ नका. मावसभावाची चार मित्रांची साखळी आहे. दापोली, खेड, चिपळूण, गुहागर. एकाने गेम घेतला की तो संपवून पुढे पाठवतो, कुणी एसटीने कॉलेजला जाणारा असतो त्याच्या हाती. एका ४,९९९च्या डिस्कवर चार घरं खेळतात, आणि शेवटी ती विकून निम्मे पैसे परत. पीसीच्या गेमचं असं होत नाही, तो तुमच्या खात्याला कायमचा चिकटलेला.

दुरुस्तीत मात्र पीसी पुढे. रॅम गेली तर रॅम बदला, पॉवर सप्लाय गेला तर तेवढाच. तालुक्याला मिळतं, नाहीतर मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून कुणी चाकरमानी घेऊन येतो. कन्सोलचा बोर्ड गंजला, की सगळा डबा उचलून पुण्या-मुंबईला, आणि बहुतेक वेळा वॉरंटीचं एक वर्ष तोवर संपलेलं असतं.

तर माझं मत विचारता, म्हणून सांगतो. घरात एकही कॉम्प्युटर नसेल तर डोळे मिटून पीसी घ्या, जुना का होईना. घरात आधीच लॅपटॉप असेल, दुसरा टीव्ही असेल, आणि डिस्क देणारे-घेणारे मित्र असतील, तर प्लेस्टेशन घ्या आणि सुखाने खेळा. काहीही घेतलं तरी पावसाळ्यात ते कपाटात बंद करून ठेवू नका. रोज अर्धा तास चालू ठेवा. यंत्र गरम झालं की ओल धरत नाही.

(दृश्य: ऑक्टोबरची संध्याकाळ. सुवर्णदुर्गामागे काळं आभाळ, लांबवर वीज.)

परतीचा पाऊस आलाय. मावसभाऊ रात्री खेळायला इथेच आलाय, प्लेस्टेशन पिशवीत घालून. गडगडाट जवळ आला तशी आतून आजीची हाक येते, "वायरी काढल्यात का रे दोघांनी?"

तो त्याची काढतो, मी माझी. आणि इंटरनेटची वायरही.