फुकटचं सर्टिफिकेट चालतं काय?

(दृश्य: अथणीतलं चपलांचं दुकान. काउंटरवर मोबाईल, त्यावर दुकानाची वेबसाइट.)

निवेदन:
कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्राचे चार जिल्हे आहेत आणि कर्नाटकाचेही चार. बेळगाव त्यांतला एक. म्हणून अथणी-निपाणीत शिवलेली चप्पल हक्कानं 'कोल्हापुरी' म्हणून विकता येते, आता थेट वेबसाइटवरूनही. पुण्याचं गिऱ्हाईक जोड पसंत करतं, पत्ता लिहायला लागतं, आणि वर ब्राउझरचा शेरा दिसतो: 'सुरक्षित नाही'. झालं, गिऱ्हाईक गेलं.

जुलै २०१८ पासून क्रोम हा शेरा साध्या 'एचटीटीपी' (पुढं 'एस' नसलेल्या) पत्त्याच्या प्रत्येक साइटवर मारतो. दुकानदारानं काही वाकडं केलेलं नसतं. साइटला सर्टिफिकेट, म्हणजे हा पत्ता खरोखर याच साइटचा आहे असं ब्राउझरला सांगणारा डिजिटल दाखला, लावलेलं नसतं, त्यामुळे गिऱ्हाइकाचं नाव, फोन नंबर वाटेत उघड्यानं जातात.

(दृश्य: दुकानदार वेबसाइट करून देणाऱ्या पोराशी फोनवर.)

"फुकटचं मिळतंय म्हणे, ते चालत नाही काय रे?"
"फुकटचं ते फुकटचंच की, मामा. थोडे पैसे घाला, चांगलं घेऊया."

निवेदन:
मामांचा प्रश्न बरोबर आहे, पोराचं उत्तर चूक. 'लेट्स एन्क्रिप्ट' हे नाव लक्षात ठेवा. अमेरिकेतली एक ना-नफा संस्था ते चालवते आणि डिसेंबर २०१५ पासून कुणालाही विनामूल्य सर्टिफिकेट देते. वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून माहिती सांकेतिक करण्याचं काम सर्व्हर (साइट जिथं ठेवलेली असते तो संगणक) आणि ब्राउझर मिळून करतात. सर्टिफिकेटला जास्त पैसे मोजले म्हणून ते काम जास्त घट्ट होत नाही.

मग पैसे कशाचे? तपासणीचे. फुकटच्यात एवढंच पाहतात, की हे डोमेन, म्हणजे साइटचं पत्त्यातलं नाव, खरोखर तुमच्या ताब्यात आहे ना. महागड्यात कंपनीची नोंदणी, पत्ता, कागदपत्रंही पाहतात. पूर्वी सगळ्यात महाग सर्टिफिकेट घेतलं की पत्त्याच्या पट्टीत कंपनीचं नाव झळकायचं. २०१९ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनी ते तिथून काढलं. आता ते नाव बघायला गिऱ्हाइकाला आत शिरून शोधावं लागतं, आणि चप्पल घ्यायला आलेलं माणूस कशाला शोधतंय! बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या कारखान्याकडे मोठ्या खरेदीदारानं करारातच तसली तपासणी मागितली, तर गोष्ट वेगळी.

(दृश्य: बेळगावच्या बाजारात गुळाची ढेप काट्यावर चढते.)

वजनकाट्यावरचा सरकारी शिक्का काटा बरोबर असल्याचं सांगतो, गूळ चांगला असल्याचं नाही. सर्टिफिकेटचंही तसंच. ठगाची साइटही ते लावून बसू शकते. आणि शिक्का काय, सर्टिफिकेट काय, दोघांनाही मुदत असते.

खरी मेख या मुदतीत आहे. 'लेट्स एन्क्रिप्ट'चं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं. विकतचं घेतलं तरी सुटका नाही: १५ मार्च २०२६ पासून नव्या सर्टिफिकेटची कमाल मुदत २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १००, आणि २०२९ च्या मार्चपासून फक्त ४७. हातानं बदलत बसणं कुणालाच जमणारं नाही. मुदत संपली की साध्या शेऱ्यावर भागत नाही, ब्राउझर पानभर इशारा दाखवून गिऱ्हाइकाला दारातच अडवतो. हे नेमकं दिवाळीच्या तोंडावर झालं तर बघायलाच नको. त्यात 'लेट्स एन्क्रिप्ट'नं मुदत संपण्याआधीची आठवणीची ईमेलही जून २०२५ पासून बंद केली आहे.

तेव्हा होस्टिंगवाल्याला, म्हणजे तुमची साइट आपल्या सर्व्हरवर ठेवणाऱ्याला, विचारायचं ते हे: फुकटचं सर्टिफिकेट तुमच्याकडे लागतं का, आणि त्याचं नूतनीकरण आपोआप होतं का? दोन्हीला 'हो' म्हणत असेल तर सर्टिफिकेटसाठी वेगळा रुपया घालू नका. 'नाही' म्हणत असेल तर सर्टिफिकेट विकत घेण्यापेक्षा होस्टिंगवाला बदललेला परवडतो.

(दृश्य: स्क्रीनवर एकाच दुकानाचे दोन पत्ते, एक देवनागरीत, एक कन्नडमध्ये.)

आपल्या भागात काही जणांना दोन लिप्यांत दोन डोमेन हवी असतात. 'डॉट भारत' देवनागरीत मिळतं, तसं कन्नडमध्येही. एकाच फुकटच्या सर्टिफिकेटात दोन्ही नावं बसतात. मात्र 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' लावून आणि न लावून, चारही पत्ते मोबाईलवर टाकून बघा. एखादा हमखास राहिलेला असतो. सर्टिफिकेट उघडल्यावर आपलं नाव 'एक्सएन'नं सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांत दिसलं तर घाबरू नका. तिथं ते तसंच लिहितात.